पहिले आठ आठवडे आणि शेवटची दोन मिनिटं

दिवाळीनंतर खुडूक कोंबडीखाली बारा अंडी बसवली, दहा पिल्लं निघाली आणि होळी येईतो अंगणात तीन उरली. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, कोलामांच्या पोडावर किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावर विचारा, हिशेब थोड्याफार फरकानं हाच निघतो. दोन मुंगसानं नेली, एक घारीनं उचललं, बाकीची माना वाकड्या करून गेली. याला नुकसान म्हणायची पद्धत नाही, कारण खर्च काही केलेलाच नसतो. कोंबडी आपली आपण उकिरड्यावर चरते, आपली आपण अंडी देते, मग पिल्लं मेली तर मेली. ही समजूत मला परसातल्या कुक्कुटपालनातला सगळ्यात मोठा रोग वाटते. मानमोडीवर निदान लस तरी आहे.

गावरान कोंबडी काटक असते हे खरंच आहे. वर्षातले बहुतेक दिवस तिला माणसाची फारशी गरज नसते. पण दोन वेळा अशा असतात की तिथं मालकाचा हात लागलाच पाहिजे. एक म्हणजे जन्मानंतरचे आठ आठवडे, आणि दुसरी म्हणजे कापण्याची वेळ. पहिल्या वेळी हयगय झाली तर पैसा जातो. दुसऱ्या वेळी झाली तर पक्ष्याचे हाल होतात, आणि ताटातलं मांसही बिघडतं.

जिल्हा कापसाचा. जोडीला सोयाबीन आणि तूर. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस वेचल्यावर, आणि उन्हाळ्यापर्यंत तो आटतो. जून महिन्यात बियाणं, वह्या-पुस्तकं आणि दवाखाना एकदमच दारात उभे राहतात, तेव्हा घरात विकता येण्यासारखं काय असतं? चार कोंबडे आणि टोपलीभर अंडी. 2006 साली पंतप्रधानांच्या पॅकेजमधून विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, यवतमाळसकट, दुभती जनावरं वाटली गेली. चाऱ्याची आणि पाण्याची सोय नसलेल्या कितीतरी घरांना ती पोसणं झेपलं नाही आणि त्यांनी ती विकून टाकली. कोंबडीचं तसं होत नाही. ती खरकट्यावर, किड्यांवर आणि खळ्यात सांडलेल्या दाण्यांवर जगते, आणि तिचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात येतात. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे 31.7 कोटी भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास 46 टक्क्यांनी जास्त होती. मोठमोठ्या पोल्ट्री उभ्या राहत असतानाच अंगणातली कोंबडीही वाढत होती.

आता पिल्लांकडे येऊ. खरं तर पिल्लांची गोष्ट अंड्यापासून सुरू होते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तिथंच घात करतो. कोंबडीखाली साधारण साडेसदतीस अंशांची ऊब मिळते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. पण अंड्यातला जीव वाढायला लागतो त्याच्या कितीतरी आधी, पंचवीस अंशांच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत घरातही त्याच्या खूप वर तापमान असतं. कोंबडी रोज एक अंडं घालते, आपण ते टोपलीत साठवतो, आणि खुडूक बसेपर्यंत त्यातला गर्भ अर्धवट वाढून मरून जातो. मग अंडी ‘गंदी’ निघाली म्हणून कोंबड्याला दोष दिला जातो. उपाय साधा आहे. पसरट घमेल्यात वाळू भरायची, ती सतत ओली ठेवायची, मधोमध मातीचं मडकं रोवायचं आणि त्यात कोरड्या कापडावर अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवायची. वरून ओलं गोणपाट. अंडं मात्र स्वतः ओलं होऊ द्यायचं नाही, कारण ओल्या कवचातून जंतू आत जातात. हिवाळ्यात आठवडाभराची अंडी बसवायला चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपलीकडची बसवू नयेत. भर मे महिन्यात तर कोंबडी बसवूच नये असं माझं मत आहे. त्या दिवसांत तिची खुडूक मोडावी आणि अंडी खावीत किंवा विकावीत.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं टॉर्चसमोर धरून पाहावं. आत लालसर शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव धरलाय. आरपार पिवळा उजेड दिसला तर ते अंडं फळलेलंच नाही, बाजूला काढावं. बसण्याच्या टोपलीत राख आणि थोडा कडुलिंबाचा पाला घातला की उवा-पिसवा कमी होतात. पिसवांनी हैराण झालेली कोंबडी अंडी सोडून उठते.

पिल्लू निघाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला पस्तीस अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. आई असेल तर हे सगळं ती बघते. अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणली असतील तर ते काम बल्बला करावं लागतं. पशुसंवर्धन विभागाचं विदर्भातलं मध्यवर्ती केंद्र नागपुरात आहे. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजतेय, भिंतीकडं पळून चोची उघड्या टाकल्या तर उकडतंय, आणि सगळीकडं पसरून चरत असली तर ऊब बरोबर आहे. खाली तूस घालायची पद्धत आहे, पण आपल्याकडं भात कमी, तेव्हा कोरडं कुटारही चालतं. ते ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली बरीच पिल्लं त्यातच जातात.

आईसोबतची पिल्लं पहिले तीन-चार आठवडे दिवसा डालग्याखाली ठेवली तर घार आणि मुंगूस या दोघांचाही प्रश्न सुटतो. बुरडाकडून थोड्या रुंद विणीचं डालगं करून घेतलं तर पिल्लं आतबाहेर करू शकतात, मोठी कोंबडी आत शिरत नाही, आणि ज्वारीची कणी फक्त पिल्लांच्याच पोटात जाते. एरवी आपण टाकलेल्या दाण्यांतला मोठा वाटा दांडगा कोंबडा खाऊन जातो. रात्रीसाठी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, जाळी लावलेलं खुराडं हवं आणि आत बसायला आडवी काठी. कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा झाडावर झोपणारा, त्यामुळे काठीवर बसल्याशिवाय तिला स्वस्थ वाटत नाही.

आणि लस. मानमोडी, म्हणजे रानीखेत, एकदा पोडावर शिरली की आठ दिवसांत अंगणं रिकामी होतात. हिरवी हगवण लागते, पंख लोंबतात, मान पिळवटते, आणि मग औषध काही नसतं. टाळायचा मार्ग ठरलेला आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन आठवड्यांच्या सुमाराला गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आणि आठव्यात आर टू बीचं इंजेक्शन. अडचण लसीच्या किमतीची नाहीच. बाटली किमान शंभर मात्रांची येते, ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांची मालकीण शंभर मात्रांचं काय करणार? म्हणून ती आणतच नाही. हे काम एकट्या घराचं नाही, वस्तीचं आहे. पंधरा घरांनी एक दिवस ठरवायचा, सकाळी खुराडी उघडायची नाहीत, आणि ‘उमेद’ अभियानाच्या पशुसखीनं बर्फाच्या थर्मासमधून लस घेऊन घरोघर फिरायचं. जिथं हे नेमानं होतं तिथं होळीला तीनऐवजी सात पिल्लं दिसतात. पक्ष्याची जात बदलून जेवढा फायदा होत नाही, तेवढा या एका गोष्टीनं होतो.

जातीचा विषय निघालाच आहे तर थोडंसं. निव्वळ गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण स्वतः बसते आणि पिल्लं सांभाळते. गिरिराज, वनराज किंवा ग्रामप्रिया जास्त अंडी देतात किंवा लवकर वजन धरतात, मात्र खुडूक सहसा बसत नाहीत, म्हणजे पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात. घरात दोन्ही असाव्यात, वनराजची अंडी गावरान खुडूकीखाली बसवावीत. कडकनाथ झाबुआचा चांगला पक्षी आहे, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच्या नावानं पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांपासून लांबच राहावं. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीला आलेल्या घोटाळ्यात राज्यभरातले हजारो शेतकरी पोळले.

खाद्याच्या बाबतीत आपला जिल्हा थोडा अवघड आहे. घरात सरकी ढेप असते, म्हशीला देतो तशी मूठभर कोंबड्यांनाही टाकली जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्यानं पिवळ्या बलकाचा रंग शेवाळी, तपकिरी होतो, आणि सरकीच्या तेलातल्या काही आम्लांमुळे पांढऱ्यावर गुलाबी झाक येते. अंडं साठवलं की हे जास्तच दिसतं, आणि गिऱ्हाईक ते सडकं समजून परत करतं. अंडी घालणाऱ्या कोंबडीला सरकी देऊच नये. कच्चं सोयाबीनही नको. त्यातली द्रव्यं प्रथिनं पचू देत नाहीत, कोंबडी खाते भरपूर पण अंगाला लागत नाही. तेच सोयाबीन कढईत नीट भाजलं की उत्तम. दालमिलची तुरीची चुरी, ज्वारी-मक्याची कणी आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा, एवढ्यावर परसातली कोंबडी छान चालते. पिल्लांसाठी वाळवी तर फुकटात मिळते. जुन्या मडक्यात ओलं शेण आणि कडब्याचे तुकडे कोंबायचे, संध्याकाळी बांधावरच्या वारुळाजवळ ते पालथं घालायचं आणि वर ओलं पोतं टाकायचं. सकाळी मडकं उचललं की आत वाळवी लडबडलेली असते. पिल्लांच्या अंगणात ते उलटं केलं की पाच मिनिटांत साफ.

फवारणीचा विषय मात्र जिवाचा आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. ज्या विषानं माणूस मरतो, त्यानं मेलेली बोंडअळी कोंबडी टिपते तेव्हा काय होत असेल? फवारलेल्या शेताकडं काही दिवस कोंबड्या जाऊ देऊ नयेत. पेरणीच्या वेळी उरलेलं रंगीत, औषध चोळलेलं बियाणं अंगणात सांडू नये. जूनमध्ये एका सकाळी अंगणातल्या सगळ्या कोंबड्या आडव्या दिसल्या तर मानमोडीच्या आधी बियाण्याची पिशवी तपासावी.

इथपर्यंतचं पुष्कळांना ऐकून माहीत असतं. पुढचं मात्र कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहा पिल्लांत साधारण पाच नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. बाकीचे पाच-सहा महिन्यांचे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि तलंगांना जगू देत नाहीत. म्हणजे कोंबड्या पाळायच्या ठरवल्या की कोंबडे कापणंही त्यातच आलं, घरी कापा किंवा बाजारात विका. विकले तरी कापायचे थोडेच टळतात? मग ते चांगल्या रीतीनं व्हावं, ही जबाबदारी पाळणाऱ्याची आहे असं मी मानतो.

सुरुवात आदल्या रात्री होते. भर दिवसा अंगणभर पाठलाग करून कोंबडा धरणं ही सगळ्यात वाईट रीत. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती शांत असते. मंद उजेडात काठीवरून दोन्ही पंखांवर हात ठेवून उचलावा, छातीशी धरावा आणि वेगळ्या डालग्याखाली ठेवावा. पाणी ठेवावं, दाणा नको. आठ ते बारा तास पोट रिकामं राहिलं की आतडं फुटून मांस खराब होण्याची भीती जाते. पायांना सुतळी बांधून, डोकं खाली करून, सायकलच्या हँडलला लटकवलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात आपण नेहमी पाहतो. कोंबडीला माणसासारखं श्वासपटल नसतं. उलटं टांगलं की पोटातले अवयव हवेच्या पिशव्यांवर दाबतात आणि तिला श्वास घेणं जड जातं. नेणाऱ्याला ती मुकाट झालेली दिसते, पण गुदमरत असते. टोपली किंवा भोकं पाडलेलं खोकं काही महाग नाही.

सकाळी जागा इतर कोंबड्यांच्या नजरेआड निवडावी. 2001 च्या कत्तलखाना नियमांत एका जनावराला दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कापू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. नियम कत्तलखान्यांसाठी आहे, पण अंगणालाही तितकाच लागू पडावा. हलालच्या शिकवणीतही सुरी धारदार असावी, प्राण्यासमोर तिला धार लावू नये, एकासमोर दुसरा कापू नये हे शतकानुशतकं सांगितलं गेलं आहे. कायदा आणि श्रद्धा इथं एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

खाद्यतेलाची पाच लिटरची रिकामी कॅन घ्यावी, तळ पूर्ण कापावा, तोंडाकडचं भोक कोंबड्याचं डोकं आणि मान बाहेर येईल एवढं मोठं करावं, आणि ती उलटी करून खांबाला खिळ्यांनी ठोकावी. कोंबडा डोकं खाली करून त्यात सोडला की पंख अंगाशी घट्ट राहतात, तो फडफडत नाही, हाड मोडत नाही. उलटं धरण्याचा त्रास इथंही आहे, म्हणून आत सोडल्यावर वेळ लावायचा नाही, सगळी तयारी आधीच हवी. कॅन नसेल तर गोणपाटात पंखांसकट गुंडाळून दुसऱ्यानं कुशीत धरावा. सुरी कागद सरळ कापेल इतकी तेज हवी. डाव्या हातानं डोकं धरून जबड्याच्या लगेच मागची पिसं बाजूला करावीत आणि न थांबता, करवतीसारखं मागंपुढं न करता, एका ओढीत दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापाव्यात. ‘दोन्ही’ हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. मेंदूला रक्त मानेच्या दोन्ही अंगांनी जातं. एकाच बाजूची वाहिनी कापली गेली तर मेंदू थांबायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. घाबरत, अर्धवट चालवलेली सुरी दयेपोटी असली तरी पक्ष्यासाठी तीच क्रूर ठरते.

त्यानंतरची दोन मिनिटं काहीही करायचं नाही. शरीर थरथरतं, पाय झाडले जातात. शुद्ध गेल्यानंतरही मज्जारज्जूतून येणारा तो झटका असतो, त्याला घाबरून पुन्हा सुरी चालवू नये. मग बोटानं डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करावा. पापणी हलली नाही आणि पोटाजवळ श्वासाची लय दिसली नाही तर जीव गेला. हे पाहिल्याशिवाय गरम पाण्यात बुडवायचं नाही, कधीच नाही. बाजारातल्या घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

पाणी साठ ते त्रेसष्ट अंशांचं हवं, आणि त्यात मिनिटभर पुरतं. उकळतं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की हिवाळ्यात बरोबर तेवढंच होतं. उन्हाळ्यात साधं पाणी थोडं जास्त घालावं. पाणी कडक झालं तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. आधी पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं, मग बाकीची. उरलेली लव जाळावर भाजून, हळद चोळून धुतात ती पद्धत चांगलीच आहे. पोट उघडताना हिरवी पित्ताची पिशवी फोडायची नाही, कलेजी आणि पेटा वेगळे काढायचे. मांस शिजवायचं तर लगेच, नाही तर थंड जागी चार-सहा तास ठेवून. मधल्या वेळात स्नायू आखडलेले असतात आणि तेव्हा शिजवलेलं मांस चामट लागतं. मरणाआधी धडपडून थकलेल्या पक्ष्याचं मांस तर राठ होतंच, शिवाय लवकर खराब होतं. म्हणजे शांतपणे कापलेल्या कोंबड्याचा रस्सा चवीलाही वेगळा लागतो.

आजारी पक्ष्याला हे काही लागू नाही. मरायला टेकलेली कोंबडी ‘वाया जाऊ नये’ म्हणून कापून खायची सवय जिल्ह्यात सर्रास आहे, ती सुटली पाहिजे. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला. 2021 च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या आणि तिथंही तोच निघाला. आजारी कोंबडी सोलतानाच माणसाला सगळ्यात जास्त धोका असतो. एकदम तीन-चार मेल्या की हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. एखादीच जखमी होऊन तडफडत असेल तर मान झटक्यात ओढून निखळवणं ही जाणत्याच्या हातची वेगवान रीत आहे. तीन किलोंच्या आतल्या पक्ष्यासाठी युरोपच्या कायद्यातही ती मान्य आहे. ती आधी कुणाकडून तरी पाहून शिकावी.

पिसं, आतडी आणि रक्त गावात उकिरड्यावर फेकलं जातं. त्यानं कुत्री सोकावतात आणि मग जिवंत कोंबड्यांवर झडप घालायला लागतात. शेताच्या कडेला, विहिरीपासून लांब, दोन-तीन फूट खोल खड्डा घ्यावा, त्यात हे टाकून वर शेण आणि मातीचा हातभर थर द्यावा. पिसं कुजायला महिने लागतात, पण त्यांच्यात नत्र भरपूर असतं. पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यावर लावलेला दुधी किंवा कारल्याचा वेल जोमानं धरतो.